शाई ओली आहे

वहिनींच्या घरी झोपायच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडे. ज्याने ते तसं बसवलं त्याला बाहेरच्या चिंचोळ्या जागेत पुढेमागे कोणी टेबल मांडील असं वाटलं नसणार. धोकारावांनी तिथेच मांडलं. दुसरीकडे कुठे मांडणार? स्वयंपाकघरात वाफ, आणि पुढच्या खोलीत धोकारावांच्या थोरल्या बहिणीचा, ताईंचा, पलंग व त्यांचा दिवसभर चालणारा टीव्ही. टेबल मांडलं की खोलीचं दार चार बोटं उघडून टेबलाच्या पायाला आपटे आणि थांबे. आत जो कोणी असेल तो आतच.

आत रोज वहिनीच असत. धोकाराव पहाटे उठून टेबलाशी बसत, आणि वहिनींना जाग येई तेव्हा त्यांचं काम ऐन रंगात आलेलं असे.

"अहो, टेबल सरकवा जरा."

"थांब गं. शाई ओली आहे."

हे बोलणं त्या घरात इतकं रुळलं होतं की पुढच्या खोलीतून ताईच आधी ओरडत, "ओली आहे, ओली आहे!" शाई ओली असताना टेबलाला धक्का लागला की रेघ फिसकटते, रेघ फिसकटली की चौकट वाया जाते, आणि चौकट वाया गेली की धोकाराव दिवसभर तोंड पाडून हिंडणार. त्यापेक्षा दाराआड उभं राहिलेलं परवडलं. फटीतून वहिनींना नवऱ्याचा एक कान, अर्धा चष्मा आणि टाक धरलेला हात दिसे. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा त्यांनी सगळ्यात जास्त असा फटीतूनच पाहिला असेल.

धोकाराव हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सूचनांच्या पाट्या तयार करणाऱ्या कारखान्यात ते चित्रकार होते. पिवळ्या त्रिकोणात काळा माणूस, ओल्या फरशीवरून घसरणारा, शिडीवरून कोसळणारा, यंत्रात हात सापडलेला, विजेचा झटका बसून हातपाय फाकलेला. नोकरीत लागल्यापासून त्यांनी त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला इतक्या तऱ्हांनी पाडलं होतं की कारखान्यातले लोक त्यांनाच धोका म्हणू लागले. "धोका आला का?" "नाही, धोका आज रजेवर आहे." त्यातलं राव घरच्यांनी लावलं.

कधीतरी धोकारावांना त्या माणसाची दया आली. दिवसभर पडतो बिचारा, संध्याकाळी कुठे जात असेल? यातून त्यांचं कॉमिक निघालं. सुट्टी झाली की पाटीतला माणूस त्रिकोणातून उतरतो, बस पकडतो, घरी येतो. पहिल्याच चौकटीत तो दारात उभा राहून म्हणतो, "आज पुन्हा पडलो." आतून बायको विचारते, "कुठून?" या माणसाची एकच इच्छा आहे. एकदा तरी शिडीवरून चारचौघांसारखं एकेक पायरी करत खाली उतरायचं. पाटी त्याला उतरू देत नाही. मधे त्याची बदली हिरव्या पाटीत होते, तिथे बाहेर पडायच्या दाराकडे धावणारा माणूस असतो ना, त्या जागी. तो खूश होतो, इथे पडायचं नाही, नुसतं पळायचं. मग त्याच्या लक्षात येतं की दार काही जवळ येत नाही.

चाळीस पानांची गोष्ट. हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. एका प्रकाशकाने पहिली काही पानं पाहिली आणि विचारलं, नायकाला तोंडच नाही तर वाचणाऱ्याने बघायचं कुठे? धोकारावांनी पानं उचलली, घरी आले आणि म्हणाले, "आपलं आपण छापू." त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

यात वहिनींचं काम अक्षरांचं. धोकारावांचा हात चित्रात सरळ आणि लिहिण्यात असा की स्वतःचीच चिठ्ठी त्यांना दुसऱ्या दिवशी लागत नसे. वहिनी वाचनालयात नोकरीला, पुस्तकांच्या पाठीवर नाव आणि क्रमांक घालायचं काम त्यांच्याकडे. उभं, मोकळं, गोलाईला पोट असलेलं अक्षर, आणि काना असा की भिंत त्याच्यावरून तपासून घ्यावी. यामुळेच कारखान्यातले लोक त्यांना अक्षरवहिनी म्हणत. रीत ठरलेली होती. धोकाराव चित्राला शाई करत, बोलण्याचे फुगे आखून ठेवत, आणि संध्याकाळी वाचनालयातून आल्यावर वहिनी त्या फुग्यांत बोलणं लिहीत. लिहिताना त्या ओठांतल्या ओठांत वाचत आणि विनोद जमला असेल तर फस्सकन हसत. त्या वेळी धोकाराव स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेले असत. भाजी हे निमित्त, कान सगळा इकडे. वहिनी हसल्या की दुसऱ्या दिवशी स्वारी आणखी लवकर टेबलाशी हजर.

उत्साह टिकवण्याचे बाकी सगळे उपाय त्यांनी करून पाहिले होते. भिंतीवर 'रोज एक चौकट' असं लिहून लावलं, ते लिहिलंही वहिनींनीच. टेबलाचं तोंड आधी भिंतीकडे होतं, ते दाराकडे केलं, मग पुन्हा भिंतीकडे. टाकाच्या नव्या निबा आणल्या, जुन्या बऱ्या होत्या म्हणून नव्या ठेवून दिल्या. कॉमिक काढणाऱ्यांनी धीर कसा धरावा यावर एक माणूस मोबाइलवर बोलत असे, त्याचंही ऐकलं. ताई म्हणाल्या, "तो बोलतोय तेवढ्यात तुझी एक चौकट झाली असती."

पण घोडं पेंड खायचं ते निराळ्याच जागी. वीसबावीस पानं झाली की धोकारावांचा हात सुधारलेला असे. मग सहज म्हणून ते पहिलं पान काढून बघत आणि बघतच राहत. खांदे चुकलेत, बसचं चाक अंडाकृती, दारातला माणूस दाराला टेकवलेल्या गादीसारखा. "हे मी काढलं?" असं ते इतक्या दुःखाने विचारत की वहिनींना वाटे दुसऱ्या कोणाचं नाव सांगावं. मग आधी पहिलं पान नव्याने, त्याच्या शेजारी दुसरं फिकं दिसतं म्हणून दुसरं, असं करत सगळी गाडी उलट फिरे. असं तीनदा झालं होतं. वहिनींना एव्हाना कळून चुकलं होतं की खोट चाकात नाही. मधलं पान म्हणजे चिखल, पाय रुततो. पहिलं पान म्हणजे कोरडी वाट. तिथून पुन्हा निघायला कोणाला आवडणार नाही?

पुन्हा काढलेल्या प्रत्येक पानावर वहिनींना पुन्हा लिहावं लागे. आणि जुनं पान? धोकाराव काटकसरी माणूस. चांगला जाड कागद टाकवत नसे. पट्टी लावून ते त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापत, कपाटाच्या खणात ठेवत, आणि रोज सकाळी निब चालते का ते त्या पट्टीवर घासून बघत.

चौथ्या खेपेला, हिरव्या पाटीच्या पानावर, वहिनींचा हात पहिल्यांदा हलला.

'दार' लिहायचं होतं. काना खाली येता येता मधेच वळला आणि मग सरळ झाला. वहिनींनी टाकाला नावं ठेवली. पुढच्या शब्दात तेच झालं, तेव्हा खुर्चीला नावं ठेवली. जेवताना काही नाही, बटण लावताना काही नाही, लेखणी धरली की हात आतून थरथरायला लागे. महिनाभर त्यांनी कानाडोळा केला, मग वाचनालयातून परस्पर डॉक्टरकडे गेल्या.

डॉक्टरांनी कागदावर गोल काढायला लावला, बोटं ओढून पाहिली आणि म्हणाले, "हा कंप काम करताना येतो, लिहिताना जास्त. औषधाने थोडा दबेल. पण वाढत जाणार. किती भराभर ते नाही सांगता येत. नोकरीत लिहावं लागतं?"

"आता नाही. चिकटपट्ट्या यंत्रातून येतात."

"मग फारशी अडचण नाही," डॉक्टर म्हणाले.

वहिनी जिना उतरल्या आणि खाली फुटपाथवर बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. फारशी अडचण नाही. चाळीसपैकी तेवीस पानं लिहायची होती.

नवऱ्याला सांगायचं सोडून बाई लपवते कशाला, असं कोणीही म्हणेल. त्याला कारण होतं. तिसऱ्या खेपेनंतर धोकारावांनी कॉमिक सोडून दिलं होतं. भांडण नाही, तंटा नाही, एका रविवारी त्यांनी टेबलाची घडी केली आणि कपाटामागे सरकवली. झोपायच्या खोलीचं दार सताड उघडं राहू लागलं. आणि गंमत बघा, वहिनींना त्या घरात कोंडल्यासारखं पहिल्यांदा झालं ते तेव्हा. धोकाराव ताईंच्या शेजारी बसून टीव्ही बघत, सकाळीच विचारत संध्याकाळी जेवायला काय, रिटायर व्हायला किती राहिलं याचा हिशेब काढत, आणि बाकी काही बोलत नसत. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. या माणसाशी काय करायचं? कितीतरी महिने असे गेले. मग एका पहाटे दार चार बोटं उघडून आपटलं, बाहेरून "थांब गं" ऐकू आलं, आणि वहिनींनी आतल्या आत दाराला कपाळ टेकलं.

म्हणून त्यांना पक्कं ठाऊक होतं. हाताचं सांगितलं की धोकाराव त्याच दिवशी थांबतील. थांबायला ते निमित्तच शोधत असत, आणि हे निमित्त तर असं की कोणी बोटसुद्धा ठेवू शकणार नाही. बायकोच्या हातासाठी थांबला, केवढा मोठा माणूस. आणि नाही सांगितलं तर? तर ते आपले रमतगमत, एका चौकटीला आठवडा लावणार, आणि तोवर हात राहणार नाही. सांगावं तर पुस्तक मेलं, न सांगावं तर हळूहळू मरणार. वहिनींनी एकच ठरवलं. हात आहे तोवर चाळिसावं पान गाठायचं, आणि गाठेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

त्या दिवसापासून त्या लिहायला सकाळी बसू लागल्या, सकाळी हात जरा ताजा असे. दार अडलेलं असताना आतल्या आत, मांडीवर पाट घेऊन. "संध्याकाळी डोळे दुखतात," असं सांगितलं. लिहिताना त्या श्वास रोखून धरत आणि मनगटाखाली घडी केलेला पंचा ठेवत. श्वास रोखून हसता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. धोकारावांच्या आलं. "हे पान जमलं नाही का?" असं ते हळूच विचारू लागले.

"जमलंय की."

"हसली नाहीस."

"मनात हसले."

दुसरी युक्ती त्यांनी केली ती शब्दांना कात्री लावण्याची. "इतकं बोलायला हवं का त्याने इथे? शिडी दिसतेय, पाय घसरलेला दिसतोय, वर पुन्हा सांगायचं कशाला?" धोकाराव विचारात पडत, दोन ओळी काढून टाकत. मग चार काढत. गोष्ट एकदम हलकी होऊन चालायला लागली. कारखान्यात ते सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या घरात संपादक आहे, संपादक." प्रत्येक शब्द कमी झाला की वहिनींना जे हायसं वाटे ते साहित्यासाठी नसे, हे सांगणार कोणाला.

ताईंच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. टीव्हीकडे तोंड असलं तरी बाईंचं लक्ष घरभर. एके दिवशी चहाचा कप हातात घेता घेता त्या म्हणाल्या, "डाव्या हाताने कधीपासून देतेस?"

"सहज."

"उजवा पुढे कर."

वहिनींनी केला. दोघी त्या हाताकडे पाहत राहिल्या. टीव्हीवर कोणीतरी मोठमोठ्याने हसत होतं.

"त्याला माहीत आहे?"

"नाही. आणि ताई, तुम्ही सांगायचं नाही."

"अगं, पण तो रोज तुझी अक्षरं बघतो."

"अक्षरं नाही बघत ते. स्वतःच्या रेघा बघतात."

ताईंना भावाची बाजू घ्यायची होती, पण घेण्यासारखी बाजू सापडली नाही. "मेला," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून चहा स्वतः जाऊन घेऊ लागल्या.

अडतिसावं पान झालं तेव्हा वहिनी दाराआड दोन्ही हात मांडीवर टाकून बसल्या होत्या. अक्षरं आता लपत नव्हती. कुठला काना वेलीसारखा, कुठली वेलांटी घसरलेली. पण वाचता येत होती, आणि दोनच पानं उरली होती. दोनच. बाहेर धोकारावांच्या कागद चाळण्याचा आवाज आला. मग तो आवाज थांबला. वहिनींना त्या थांबण्याचा अर्थ कळला.

"अगं," धोकाराव फटीतून म्हणाले, "हे पहिलं पान बघवत नाही गं. अडतिसाव्याशेजारी ठेवून बघितलं. बसचं चाक बघ."

"राहू दे चाक."

"लोक पहिलंच पान बघणार ना? एवढं एकच पान. फार तर पहिली तीन."

"मी पहिलं पान पुन्हा लिहिणार नाही."

इतक्या वर्षांत वहिनी असं कधी बोलल्या नव्हत्या.

"का?"

"नाही म्हणजे नाही. टेबल सरकवा."

"शाई..."

"वाळली असेल. सरकवा."

धोकाराव दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी मात्र कारखान्यातून हसतमुखाने आले. दोन दिवसांत त्यांना उमगलं होतं की बायको थकलेय, आणि थकणारच, इतकी वर्षं फुकट राबवून घेतलं तिला. त्यांनी पिशवीतून कागद काढला. पहिलं पान नव्याने काढलेलं, कारखान्याच्या कॉम्प्युटरवर चढवलेलं, आणि फुग्यांत कॉम्प्युटरची अक्षरं. बसचं चाक गोल गरगरीत. "आज पुन्हा पडलो." सगळे काने एका उंचीचे, जणू फौज उभी आहे.

"सुटलीस तू," धोकाराव म्हणाले. "आता तुला त्रास नाही. मागचीही सगळी हळूहळू अशीच करून टाकू."

वहिनींनी पान वाचलं. तो माणूस पडला होता खरा, पण बँकेतून फोनवर बोलल्यासारखं सांगत होता. आपण सुटलो, असं त्यांनी मनात म्हणून पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून त्याच्या आवाजात रडल्या. हातासाठी त्या एकदाही रडल्या नव्हत्या.

आणि धोकारावांचं? दुसरं पान काही होईना. पहाटे उठून ते टेबलाशी बसत खरे. दाराआड कोणी पुटपुटत नव्हतं, हसायचं तर सोडाच. विनोद जमला की नाही हे आता विचारायचं कोणाला, फौजेला? एका चौकटीवर आठवडा गेला, मग आणखी एक. मग एका सकाळी वहिनींनी दार ढकललं आणि ते सरळ उघडलं. टेबलाची घडी भिंतीला टेकवलेली होती. पुढच्या खोलीत धोकाराव ताईंच्या शेजारी बसून बातम्या बघत होते.

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. हेच टाळण्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं ना? तोंड शिवलं, हात लपवला, आणि व्हायचं तेच झालं.

रविवारी दुपारी ताई शेजारणीकडे गेल्या. वहिनींनी सगळी पानं काढली आणि पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर ओळीने मांडली. पहिल्या जागी कॉम्प्युटरचं पान, मग दुसरं, तिसरं, अडतिसाव्यापर्यंत. मग टीव्ही बंद केला.

"इकडे या. वाचा."

"मला पाठ आहे गं."

"चित्रं बघू नका. वाचा."

धोकाराव गुडघ्यांवर बसले. पहिली काही पानं ते सवयीने कण्हत गेले, हे खांदे, ते चाक. दहाबारा पानांनंतर कण्हणं थांबलं. हिरव्या पाटीपाशी ते थबकले. तिथून पुढे अगदी सावकाश गेले, एकेका फुग्यावर बोट ठेवत, लहान मूल वाचतं तसे. अडतिसाव्यापाशी पोचले आणि तसेच गुडघ्यांवर उलटे मागे आले, पुन्हा पुढे गेले. आपली रेघ पानोपानी घट्ट होत गेलेली त्यांना ठाऊक होती. तिच्या पोटात दुसरी एक रेघ पानोपानी सुटत गेलेली त्यांनी आज पाहिली.

"दाराच्या पानापासून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणून शब्द कमी करायला लावलेस."

"हो."

"आणि मी संपादक, संपादक करत हिंडलो." धोकाराव फरशीवरच बसले. मग म्हणाले, "बंद करू आपण. खरंच बंद करू. तुझ्या हातापेक्षा काय मोठं आहे?"

वहिनींचा तोल गेला तो या वाक्यावर. "याच वाक्याला भिऊन मी तोंड बंद ठेवलं. बंद करायला तुम्हाला एक कारण हवं असतं, आणि या वेळी ते माझ्या हाताचं करू नका. हात माझा जातोय. तो कशात गेला हे दिसायला दोन पानं उरलीत. दोन पानं पुरी करा, मग बघत बसा बातम्या."

धोकाराव फरशीवरून उठले. त्यांनी पहिल्या जागेवरचं कॉम्प्युटरचं पान उचललं आणि विचारलं, "इथलं जुनं कुठे आहे?" विचारता विचारताच त्यांना आठवलं. कपाटाचा खण त्यांनी उपसून जमिनीवर पालथा केला.

पट्ट्या. बोटभर रुंद, सरळ कापलेल्या. नव्या पहिल्या पानाच्या वेळी त्यांनी जुन्या पानाच्या नेहमीप्रमाणे पट्ट्या केल्या होत्या, आणि रोज सकाळी निब घासून पाहिली होती. निब घासायला पांढरी जागा लागते. पानावर सगळ्यात पांढरी जागा फुग्यातली. वहिनींच्या 'आज पुन्हा पडलो'वर, त्या भिंतीसारख्या सरळ कान्यांवर, काळ्या रेघोट्यांची जाळी झाली होती.

"असं आता लिहिता येईल का?" त्यांनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. एका शब्दात उत्तर होतं, त्यांनी ते एका शब्दात दिलं.

धोकारावांनी संध्याकाळभर पट्ट्या जुळवल्या आणि पाठीमागून डिंकाने चिकटवल्या. नवीन काही काढलं नाही, तेच पान पहिल्या जागी ठेवलं.

उरलेली दोन पानं उलट रीतीने झाली. आधी वहिनी लिहीत, कोऱ्या कागदावर, हात नेईल तिकडे आणि होईल तेवढं मोठं. पंचा नाही, श्वास रोखणं नाही. मग धोकाराव त्या अक्षरांभोवती फुगा काढत, आणि फुग्याला सोडून जी जागा उरेल तिच्यात चित्र बसवत. टेबल तिथेच होतं, पण सकाळी आता वहिनी त्याच्याशी बसत आणि खोलीत धोकाराव अडकून पडत.

"अगं, कारखान्याला उशीर होतोय. सरकव ना."

"थांबा. शाई ओली आहे."

पुढच्या खोलीतून ताई हसल्या. आत धोकाराव मुकाट उभे राहिले. फटीतून त्यांना काय दिसत होतं? बायकोचा एक कान आणि एक हात. तो हात कागदापर्यंत पोचायला किती वेळ घेतो, हे त्यांनी पहिल्यांदा पुरतं बघितलं. त्या दिवशी त्यांना उशीर झाला आणि त्यांनी कारण सांगितलं नाही.

शेवटच्या पानावर पाटीतला माणूस शिडीवरून एकेक पायरी करत खाली येतो. बायको विचारते, "उतरलास?" तो म्हणतो, "उतरलो." हा शब्द लिहायला वहिनींना सकाळभर लागलं. अर्धं पान त्यानेच व्यापलं. त्यानंतर त्यांनी टाक धुतला, पुसला आणि धोकारावांच्या हातात दिला. पुढचा भाग काढायचा का, हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही.

स्वतःचं स्वतः कॉमिक काढणाऱ्यांचा एक बाजार भरे, एका शाळेच्या सभागृहात. धोकाराव आणि वहिनी दुपारपर्यंत छापलेल्या प्रती मांडून आपल्या टेबलामागे बसून होते. लोक येत, चाळत, ठेवत. वहिनींचा उजवा हात पिशवीत होता. एक मुलगी थांबली, पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं आणि जागच्या जागी फस्सकन हसली. धोकारावांनी वहिनींकडे बघितलं.

मुलगी पान डोळ्यांजवळ नेत होती. "अक्षर काय सुंदर आहे हो. पण यावर या रेघोट्या... छपाई बिघडलीय का?"

"छपाई चांगली आहे," धोकाराव म्हणाले. "रेघोट्या माझ्या आहेत."